कोरमवाले दाजी

आमच्या दाजींना ‘जेवण झालं का?’ असं विचारू नये. दुसरा कोणी असता तर ‘झालं की’ म्हणून मोकळा झाला असता. दाजी म्हणतात, ‘माझ्या बाजूनं झालं.’ आणि स्वयंपाकघराकडं बघतात. आतून अक्काचा ‘ताट उचललं’ असा आवाज आला की मग तुमच्याकडं वळून म्हणतात, ‘हां, आता झालं.’

काम झालं हे एकट्याच्या भरवशावर सांगायचं नाही, आणखी कोणीतरी दुजोरा दिल्यावरच सांगायचं, हा त्यांचा नेम. गॅस बंद केला का? ‘केलाय, पण मायला विचार.’ मोटार बंद केली का? ‘बटण दाबलंय. पाणी थांबलं का ते वरून कुणीतरी सांगा.’ लग्नाला नवीन पाहुणा आला आणि त्यानं ‘आपण अमक्याचे जावई ना?’ असं विचारलं, तर तिथंही दाजी आधी अक्काकडं बघतात.

दाजी बिलोलीचे. नांदेडच्या गुरु गोविंदसिंगजी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले, हैदराबादेत नोकरीला लागले, आणि कोरोनात लॅपटॉप घेऊन घरी आले ते परत गेलेच नाहीत. माडीवरच्या खोलीत टेबल, दोन स्क्रीन, खाली इन्व्हर्टर, आणि भिंतीवर मायनं, म्हणजे दाजींच्या आईनं, लावलेला बासरच्या सरस्वतीचा फोटो. गावात त्यांचा हुद्दा ‘कॉम्प्युटरवर बसतेत’ एवढाच. प्रत्यक्षात ते डेटाबेस सांभाळतात, आणि तोही एका जागचा नव्हे. एकच हिशेब तीन-चार शहरांत एकाच वेळी लिहिला जातो. कुठूनही उघडला तरी बेरीज तीच दिसली पाहिजे. त्यातलं एखादं शहर अंधारात गेलं तरी गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता लागता कामा नये. वर हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत.

बिलोलीच्या माणसाला हे काम जन्मजात येतं, असा दाजींचा दावा आहे. ‘बघ,’ ते सांगतात, ‘1948 पर्यंत आपण निजामाकडं. आपली कागदं हैदराबादला. 1956 ला मुंबई राज्यात आलो, तर राजधानी गेली मुंबईला. त्याच फाळणीत मुधोळ तिकडं, हैदराबादच्या बाजूला गेलं, देगलूरची बिचकुंदा आणि जुक्कल सर्कलं तिकडं गेली. सोयरे तिकडं, सातबारा इकडं. आता अ‍ॅमेझॉनवाल्यांनी 2016 ला मुंबईत डेटा सेंटरं उघडली आणि 2022 ला हैदराबादेत. आपण पुन्हा बरोबर मधी.’ हे सांगताना ते एक हात पश्चिमेला आणि एक दक्षिणेला करतात, आणि मधी स्वतः उभे राहतात. निजामाच्या काळातल्या नोंदी शोधायला सरकारनं 2023 मध्ये समिती नेमली आणि समितीला हैदराबादपर्यंत जावं लागलं, तेव्हा दाजींनी पेपर दोन वेळा वाचला. ‘प्रत होती म्हणून तर गेले,’ एवढंच बोलले. राजकारणावर त्यांनी दिलेलं हे एकमेव मत.

नोकरीतलं डोकं नोकरीपुरतं ठेवलं असतं तर प्रश्न नव्हता. दाजींनी ते शेतीला लावलं. तिघं भाऊ. थोरले गावात, शेत बघतात. मधले नांदेडला मास्तर. धाकटे दाजी बिलोलीत. शेतीचा खर्च तिघांच्या तीन वह्यांत. नियम असा की थोरल्यांनी आपल्या वहीत लिहायचं, बाकी दोघांना फोन करायचा, आणि त्यातल्या एकानं जरी आपल्या वहीत उतरवून ‘लिहिलं’ म्हटलं तरच खर्च पक्का. तिघांतले दोन म्हणजे बहुमत. एक भाऊ आजारी पडो, गावाला जावो, काम अडत नाही. पण दोघं नसले तर तिसऱ्यानं एक रुपया लिहायचा नाही. ‘एकट्यानं लिहिलं की उद्या तीन वह्यांत तीन बेरजा,’ असं दाजींचं म्हणणं, आणि मराठवाड्यात भावाभावांचे खटले कशावरून चालतात हे ठाऊक असणाऱ्याला ते पटावं.

एकदा हरभरा निघाल्यावर नांगरट झाली. ट्रॅक्टरवाला पैशाला उभा. मधले भाऊ वर्गावर, फोन बंद. दाजी कंपनीच्या मीटिंगात. थोरले लिंबाखाली बसून दोन्ही नंबर आळीपाळीनं लावायलेत. घंटाभरानं ट्रॅक्टरवाला म्हणाला, ‘मालक, मी नांगरताना कोरम इचारला होता का?’ शेवटी दाजींनी मीटिंग सोडून ‘लिहिलं’ म्हटलं आणि ट्रॅक्टर हलला. आता तो ट्रॅक्टरवाला आधी विचारतो, ‘दोघं भाऊ फोनवर हायेत ना?’ आणि मगच फाळ खाली टाकतो.

वह्यांच्या या पद्धतीला डेटाबेसवाले राफ्ट म्हणतात. स्टॅनफर्डच्या डिएगो ओंगारो आणि जॉन औस्टरहाउट यांनी ती 2014 मध्ये मांडली. मांडताना त्यांचा हेतूच असा की शिकणाऱ्याला समजली पाहिजे. कारण त्याआधीची पॅक्सॉस नावाची पद्धत भल्याभल्यांच्या डोक्यावरून जायची. ती लेस्ली लॅम्पोर्ट यांची. त्यांनी ती एका ग्रीक बेटावरच्या जुन्या संसदेची गोष्ट रचून सांगितली. तिथले सभासद कधी हजर, कधी गायब, निरोप्ये वाटेत हरवणारे, आणि तरी ठराव सगळ्यांच्या वहीत एकच. लेख 1990 ला दिला, छापून आला 1998 ला. तपासणाऱ्यांना बेटाची गोष्ट नको होती आणि लॅम्पोर्टना ती काढायची नव्हती. दाजी हे रंगून सांगतात, आणि शेवटी म्हणतात, ‘बेट कशाला पाहिजे? आपली ग्रामसभा बघायची.’

ग्रामसभेवर मात्र त्यांचा राग आहे. शंभर मतदार किंवा पंधरा टक्के, जे कमी असेल ते जमले तर कोरम. नाही जमले तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला पुन्हा कोरम लागत नाही! दाजी हे ऐकतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पोटदुखी दिसते. ‘पहिल्यांदा शंभर लागतात आणि दुसऱ्यांदा पाच जणांत गाव विकता येतं? आमच्याकडं बहुमत नसलं तर डेटाबेस गप्प बसतो. चुकीचं सांगण्यापेक्षा काहीच न सांगितलेलं बरं.’ हे त्यांनी एकदा ग्रामसेवकासमोर उभं राहून सांगितलं. ग्रामसेवक म्हणाले, ‘बरोबर हाय साहेब. या, सही करा.’

राफ्टात एक पुढारी असतो. तो बाकीच्यांना थोड्या थोड्या वेळानं ‘मी आहे’ असा निरोप देत राहतो. निरोप आला नाही की बाकीचे थोडं थांबून नवा पुढारी निवडतात. त्यामुळं थोरल्या भावांना रोज सकाळी सातला दोघांनाही फोन करावा लागतो. ‘हाय.’ ‘बरं.’ फोन बंद. आजारपण नाही, पाऊस नाही, पोराबाळांची चौकशी नाही. सुरुवातीला थोरल्या वहिनींना वाटलं, भावाभावांत वाजलं.

मग थोरले वारीला गेले. तिसऱ्या दिवशी फोन लागेना. मधल्यांनी आणि दाजींनी मिळून मधल्यांना पुढारी केलं, वहीवर ‘टर्म 2’ लिहिलं आणि बियाण्याचे पैसे देऊन टाकले. थोरले एकादशी करून, माळ-बुक्का घेऊन परत आले आणि आल्या आल्या जुन्या वहीत खत लिहायला लागले. दाजी शांतपणे म्हणाले, ‘दादा, तुमची टर्म संपली.’ मुदत संपल्यावरही खुर्ची न सोडणारा सरपंच आम्ही पाहिलेला होता. पण स्वतःच्याच शेतात माजी झालेला शेतकरी पहिल्यांदाच पाहिला. थोरले सज्जन. त्यांनी मधल्यांची वही मागितली, गाळलेलं सगळं उतरवून घेतलं, आणि पुढच्या टर्मला परत निवडून आले.

दाजींना वेळ विचारणं हाही एक अनुभव आहे. ‘किती वाजले?’ म्हटलं की उत्तर येतं, ‘सातच्या आधी नाही, सात-पाचच्या नंतर नाही.’ ही सवय गुगलच्या स्पॅनर डेटाबेसची. 2012 मध्ये त्यांनी त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. जगभरच्या मशिनींची घड्याळं कधी तंतोतंत जुळत नाहीत, आणि कोणाचा व्यवहार आधी झाला हे तर ठरवायचं असतं. म्हणून त्यांनी डेटा सेंटरांत जीपीएस आणि अणुघड्याळं बसवली. वर कबूल केलं की तरीही नेमकी वेळ सांगता येत नाही, फक्त ‘या दोन वेळांच्या मधी’ एवढंच सांगता येतं. ही मधली फट काही मिलिसेकंदांची. व्यवहार पक्का करण्याआधी स्पॅनर ती फट सरेपर्यंत मुद्दाम थांबतो. एवढ्या सगळ्याचं सार दाजींनी बिलोलीच्या बसस्टँडवर आधीच शिकून ठेवलेलं होतं. गाडी किती वाजता आहे, याला चौकशीच्या खिडकीतून आजवर कोणी एक आकडा सांगितलेला नाही.

पण थांबायची ती सवय फळाला आली धर्माबादच्या बाजारात. मिरची घ्यायला गेलो होतो. भाव ठरला. दाजी ‘ठीक’ म्हणाले आणि गप्प उभे राहिले. फट सरू देत होते. व्यापाऱ्याला वाटलं, गिऱ्हाईक मोडतंय. त्यानं पाच रुपये कमी केले. दाजी अजून गप्प. नवा भाव आला म्हणजे नवी फट. त्यानं आणखी पाच कमी केले. अक्कानं मला कोपरानं ढोसलं आणि डोळ्यांनी दटावलं, की बोलू नको. तेव्हापासून सोनं घ्यायला, साडी घ्यायला, अक्का दाजींना बरोबर नेते आणि ‘तुम्ही नुसतं थांबा’ म्हणते.

घाई त्यांना चालत नाही असं नाही. उलट मिलिसेकंदासाठी जीव टाकणारा हा माणूस. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात 200. ‘बिलोलीहून हैदराबाद सरळ रेषेत 200 च्या आत. मुंबई 500 च्या वर. अमेरिकेत निरोप जाऊन परत यायचा तर 200 मिलिसेकंद गेले म्हणून समज. प्रकाशाला ओव्हरटेक करता येत नाही. म्हणून ज्याचा हिशेब त्याच्या जवळ ठेवायचा आणि दुजोरा देणारेही फार लांबचे घ्यायचे नाहीत.’ या तत्त्वावर त्यांनी मायच्या गोळ्या मायच्या उशाशी आणल्या. आधी त्या माडीवर होत्या. इतकी साधी गोष्ट करायला प्रकाशाचा वेग मधी घालायची गरज होती का, असं मायनं विचारलं. दाजींनी कागदावर आकृती काढली.

मायची आणि त्यांच्या धंद्याची गाठ आणखी एकदा पडली. दाजी फोनवर मोठ्यानं ‘कॉक्रोच उठला का? कॉक्रोच उठला का?’ असं विचारत होते. माय लक्ष्मणरेषेचा खडू घेऊन माडीवर पोचली. मग तिला समजावलं की हे एका डेटाबेसचं नाव आहे. गुगलमधून बाहेर पडलेल्या लोकांनी 2015 मध्ये कंपनी काढली, आणि काही केलं तरी मरत नाही म्हणून मुद्दाम हे नाव ठेवलं. मायनं ऐकून घेतलं आणि खडू कपाटावर ठेवत म्हणाली, ‘देवाची नावं संपली व्हती का?’

खरी परीक्षा असते रविवारी. नेटफ्लिक्सच्या इंजिनिअरांनी केऑस मंकी नावाचा प्रोग्रॅम केला. तो चालू असलेल्या मशिनी मुद्दाम, न सांगता बंद पाडतो, म्हणजे बाकीच्या सांभाळून घेतात की नाही ते कळतं. दाजींनी घरात ही प्रथा सुरू केली. अक्काची मालिका ऐन रंगात आली की खाली जाऊन मेन स्विच पाडायचा. इन्व्हर्टर किती वेळात उचलतो, फ्रिज कशावर आहे, टॉर्च जागेवर आहे का, सगळं घड्याळ लावून. पहिल्या वेळी टॉर्च सापडला, पण सेल नव्हते. दुसऱ्या वेळी सेल होते, टॉर्च पुतण्यानं नेलेला. अक्काला कुणीतरी या प्रोग्रॅमचं नाव सांगितलं. ती म्हणाली, ‘बाहेरून आणायची गरज नव्हती. माकड घरातच हाय.’

हसू येतं, पण एका गोष्टीवर दाजी थट्टा करू देत नाहीत. 30 सप्टेंबर 1993. गणपती बुडवून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली. आम्ही लातूरचे. आमच्याकडं तो दिवस कोणी मोठ्यानं सांगत नाही. दाजी तेव्हा शाळेत होते. नंतर कधीतरी त्यांनी ऐकलं, की घरातली कागदं घरातच गेली, आणि ज्याच्याकडं दुसरी प्रत होती त्या शेजाऱ्याचं घरही त्याच रात्री पडलं होतं. ‘एका भिंतीआडच्या तीन प्रती म्हणजे एकच प्रत,’ हे वाक्य ते कामावरच्या नव्या पोरांना सांगतात तेव्हा आवाज चढवत नाहीत. सगळं एकाच शहरात ठेवू नका, एकाच नदीकाठी नको, एकाच विजेच्या तारेवर नको. पोरांना वाटतं, पुस्तकातलं आहे.

आणि एवढं सांगणाऱ्या माणसाच्या घराला गेल्या उन्हाळ्यात कुलूप लागलं.

घराच्या किल्ल्या तीन. एक दाजींकडं, एक पुतण्याकडं, एक अक्काकडं. किल्लीला बहुमत लागत नाही, कोणतीही एक चालते. अक्का मायला घेऊन माहेरी, म्हणजे आमच्याकडं लातूरला आली तेव्हा आपली किल्ली शेजारच्या काकांना देऊन आली. परत निघाली तेव्हा माय आणि मी बरोबर होतो. दुपारी चारला बिलोलीत उतरलो तर दाराला कुलूप. दाजी, पुतण्या आणि काका, तिघंही कुंडलवाडीकडं लग्नाला गेलेले. एकाच क्रूझरमधी. आणि परतताना क्रूझरचा पाटा तुटलेला.

रात्री नऊपर्यंत आम्ही ओट्यावर. मायनं पाच घंट्यांत किमान दहा लोकांना जबाबदार धरलं. क्रूझरवाला, नवरदेव, लग्नाची तिथी काढणारे गुरुजी, मी. अक्का काही बोलत नव्हती, याचा अर्थ आम्हाला कळत होता.

दाजी आले. कुलूप काढलं, पाणी प्यायले आणि वही घेऊन बसले. डोळ्यांत चमक. काय झालं, किती वाजता झालं, काय टिकलं, काय टिकलं नाही, पुढं काय करायचं, असे रकाने आखले. सगळ्यांना एकेक करून विचारलं. काकांनी संकोचून सांगितलं की किल्ली शेजारी ठेवून जायला पाहिजे होती. दाजी म्हणाले, ‘ते नका सांगू. किल्ली खिशात असताना काय काय झालं ते सांगा.’

‘पण चूक कोणाची?’ मायनं विचारलं. आमच्या दोन्ही घरांत दूध सांडलं तर आधी आरोपी सापडतो आणि मग फडकं.

‘कोणाचीच नाही.’

‘क्रूझरवाल्याची?’

‘पाटा तुटणारच कधीतरी. आपण तिघांना एका गाडीत बसवलं, तेवढंच.’

मी त्यांच्या वहीत डोकावलो. ‘कोणामुळे’ असा रकाना खरंच नव्हता. मशीन बंद पडणार, तार तुटणार, माणूस विसरणार, हे ते आधीच धरून चालतात. म्हणून कोणी विसरलं की त्यांना धक्का बसत नाही आणि रागही येत नाही. पुतण्या बारावीला एका विषयात राहिला तेव्हा घरात चार दिवस चूल थंड होती. दाजींनी त्याला फक्त विचारलं होतं, ‘दुसरी संधी कधी आहे?’ आणि फॉर्म भरून आणला होता. या माणसाचा कोणावरच पूर्ण भरवसा नाही, अशी अक्काची लग्न झाल्यापासूनची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. पण म्हणूनच या घरात चुकून काही बोललेला, हरवून आलेला, नापास झालेला कोणीही पहिल्यांदा माडीवर जातो.

रात्री साडेदहाला निष्कर्ष वाचून दाखवला गेला. तीन किल्ल्या तीन माणसांकडं होत्या, पण तिन्ही एका रस्त्यावर. तर चौथी किल्ली वेगळ्या जिल्ह्यात ठेवावी. ती माझ्याकडं द्यायचं ठरलं.

‘म्हणजे कुलूप उघडायला लातूरहून माणूस यायचा?’ अक्का अखेर बोलली. ‘पाच घंटे?’

‘पाच घंटे लागतील,’ दाजी म्हणाले, ‘पण उघडंल.’

‘त्यापेक्षा पलीकडच्या गल्लीतल्या आजीला द्या एक. ती कोणाच्या लग्नाला जात नाही.’

दाजींनी पेन थांबवलं. मुद्दा बिनतोड होता. त्यांनी तो वहीत लिहिला, खाली रेघ मारली आणि घड्याळाकडं न बघता मधल्या भावाला नांदेडला फोन लावला, दुजोऱ्यासाठी.